लातूरच्या घरात प्रवाळाला उजेड मिळाला तेव्हा

माझ्या तीन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीतले झोअँथस (मऊ प्रवाळाचा एक प्रकार) वर्षभर जिवंत होते, पण वाढत नव्हते. देठ उजेडाकडे ताणलेले, रंग तपकिरी. (दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे.) पाणी तपासलं, सगळं ठीक. चूक वर होती: दिव्याची साधी पांढरी पट्टी. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळ जगतं. या शैवालाला ४२० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा उजेड फार उपयोगी पडतो.

निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा एलईडी आणला. उत्साहात पहिल्याच दिवशी पूर्ण लावला, आणि आठवड्यात दोन तुकडे फिके पडले. एवढा उजेड एकदम सोसत नाही, आतलं शैवालच निघून जातं. मग तीस टक्क्यांवर आणला, दर आठवड्याला पाच टक्के वाढवला. रोज आठ तास, निळा जास्त.

आपल्याकडे मे महिना कठीण. दिवा संध्याकाळी चारनंतरच लावतो, पाण्यावर पंखा सोडतो. त्याने पाणी भराभर उडतं, पण मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची, बोअरच्या नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पाणी हलवणारा पंप. दिवा काही तास नसला तरी चालतं, ऑक्सिजन नसला तर नाही.

पाच महिन्यांत झोअँथसच्या सात तोंडांची एकवीस झाली. कडा पुन्हा हिरव्या दिसतात.