न्गोरोंगोरोच्या विवरात उतरायचं असेल तर

टांझानियातल्या अरुशा शहरात राहते, त्यामुळे भारतातून पाहुणे आले की न्गोरोंगोरोची, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवरातलं जंगली जनावरांचं जग बघायची, एक फेरी ठरलेली. व्हिसा, तिकिटं तुम्ही बघालच. गरम कपडे मात्र हाताशी ठेवा. विवराचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच आहे आणि जुलैच्या पहाटे तिथं दात वाजतात.

मुक्काम विवराजवळच्या करातू गावात करा. 'अरुशाहून एका दिवसात जाऊन येऊ' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तळाशी पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि सिंह गवतात आडवे झालेले असतात. गाडी फोर व्हील ड्राइव्हच लागते. प्रवेशशुल्क माणशी असलं तरी विवरात उतरायची वेगळी फी गाडीमागे असते, म्हणून सहा जण असाल तर एकच गाडी करा.

खरी अवघड वाट पुढे आहे, लोदोआरे या प्रवेशाच्या फाटकापासून तळापर्यंतची. तिथंच दिवस साधतो किंवा हातचा जातो.

फाटक सकाळी सहाला उघडतं, तेव्हा तुम्ही दारात हवेत. एकदा आमची गाडी रात्रीतून बदलली गेली आणि प्रवेशाच्या परवान्यावर जुन्याच गाडीचा नंबर राहिला. दीड तास फाटकावर बसलो, मुलं रडकुंडीला आली. तेव्हापासून आदल्या रात्री परवाना हातात घेऊन मी गाडीसमोर उभी राहते, नंबर मोठ्यानं वाचते आणि ड्रायव्हरला पाटीवर बघायला लावते. सफारी कंपनीनं 'सगळं झालंय' म्हटलं तरी तुम्हीही हे करा.

मग धुकं. फाटकातून वर चढणारा रस्ता दाट जंगलातून जातो आणि काठावर ढग अक्षरशः बसलेला असतो. पहिल्या खेपेला आम्ही व्ह्यू पॉइंटवर पाऊण तास तो हटायची वाट पाहिली. शालींवर दव साचलं, सासूबाई गाडीत जाऊन बसल्या, दिसलं काहीच नाही. ती चूक करू नका. ढग बहुतेक वेळा काठापुरताच असतो. व्ह्यू पॉइंट सोडून द्या आणि ड्रायव्हरला थेट सेनेतोच्या उताराकडे, म्हणजे तळाशी उतरणाऱ्या रस्त्याकडे, न्यायला सांगा. 'धुकं आहे, थांबू या' असं तो म्हणाला, तर धुक्यातून हळू चालव म्हणावं, पण थांबू नको. उतार एकेरी आहे, समोरून गाडी येत नाही. काही वळणं उतरलं की वायपर बंद होतो, काच स्वच्छ होते आणि सुमारे १९ किलोमीटर रुंदीचा तळ एकदम समोर उघडतो. काठापासून तो ६०० मीटर खाली आहे. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी पोटातला लाव्हा बाहेर पडल्यावर ज्वालामुखीचा माथा आत कोसळला, त्याची ही परात. मी इतक्यांदा उतरले, तरी त्या वळणावर अजून बोलणं थांबतं.

तळावर फारसं शिकवायला नको. झेब्रे, विल्डबीस्ट, म्हशी आपोआप दिसतात. मगादी तळ्यावर बहुधा फ्लेमिंगो असतात, लेराईच्या झाडीत मोठ्या सुळ्यांचे हत्ती. काळा गेंडा मात्र बहुतेक वेळा लांबवर करड्या दगडासारखा दिसतो. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी हवी. एकच दुर्बीण हातोहात फिरवेपर्यंत गेंडा उंचवट्यामागे जातो. जिराफ इथं नाहीत, त्यासाठी ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

जेवण न्गोइटोकिटोकच्या झऱ्यापाशी. पाण्यात पाणघोडे, डोक्यावर घारी. माझ्या भाचीच्या हातातली मेथीची पुरी घारीनं मागून येऊन उचलली आणि बोटावर नख उमटलं. खायचं ते गाडीत, काचा वर करून. डबे स्टीलचे आणा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९पासून बंदी आहे.

चारच्या सुमारास तळातून वर काठावर नेणाऱ्या लेराईच्या चढाला लागा, कारण सहाच्या आत फाटकाबाहेर पडायचं असतं. वाटेत सकाळी सोडलेला व्ह्यू पॉइंट येतो. आता उतरा. तोवर बहुधा ढग गेलेला असतो आणि दिवसभर ज्या तळ्याकाठी फिरलात ते हातावरच्या नाण्याएवढं दिसतं.