अध्ययन निष्पत्तीवरून पाठ कसा आखावा

टाचण वहीत, म्हणजे शिक्षकाच्या पाठनियोजनाच्या वहीत, अध्ययन निष्पत्तीचा (शिकून झाल्यावर मुलाला काय करता यावे, याच्या विधानाचा) रकाना बहुधा सर्वांत शेवटी भरला जातो. पाठ ठरतो पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमाने, कृती ठरते सवयीने, आणि मग केंद्रप्रमुखांच्या (केंद्राच्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाच्या, पर्यवेक्षकांच्या) भेटीत अडचण नको म्हणून त्या पाठाशी जुळेलसा निष्पत्तीचा सांकेतिक क्रमांक उतरवून घेतला जातो. हा क्रम उलटा करावा, म्हणजे आधी निष्पत्ती, मग तिचा पुरावा आणि त्यानंतर पाठ असा ठेवावा. ते कसे करायचे, हे येथे पाचवीच्या गणितातील एका निष्पत्तीच्या आधारे सांगितले आहे. उदाहरणासाठी जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा घेतली आहे, कारण मराठवाड्यातील अनेक वाड्या-तांड्यांवर दोन शिक्षक आणि चार-पाच वर्ग हीच नित्याची परिस्थिती आहे.

आधी निष्पत्ती आल्या कुठून, हे थोडक्यात पाहू. १९९१ मध्ये दवे समितीच्या अहवालाने प्राथमिक स्तरासाठी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या विषयांतील किमान अध्ययन पातळ्या मांडल्या. ज्येष्ठ शिक्षकांना त्या काळातले क्षमतांचे तक्ते आठवत असतील. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर आणि सर्व अंगांनी मुलाची प्रगती पाहण्याची, तरतूद आली. त्याच कायद्याचे कलम २४ शिक्षकावर दोन जबाबदाऱ्या एका दमात टाकते : ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे, आणि प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा अध्यापन देणे. या दोहोंतील ओढाताण प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहे आणि बहुतेक वेळा पहिली जबाबदारी दुसरीला गिळून टाकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये या कायद्याच्या केंद्र सरकारच्या नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तानिहाय व विषयनिहाय अध्ययन निष्पत्तींना स्थान मिळाले आणि एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) प्राथमिक स्तराच्या निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आणि २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यांनी त्यांची उतरंड अधिक स्पष्ट केली : वर अभ्यासक्रमाची ध्येये, त्यांखाली क्षमता, आणि क्षमतेकडे नेणारे टप्पे म्हणून निष्पत्ती. शिक्षकाला रोज हाताळायची असते ती ही शेवटची पायरी.

निष्पत्ती एका इयत्तेपुरती वाचू नये

जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना बहुतेकजण आपल्या इयत्तेच्या निष्पत्तींचे पान काढतात आणि तेवढेच वाचतात. त्याऐवजी एक विषय घेऊन सलग तीन इयत्तांच्या निष्पत्ती शेजारी शेजारी ठेवाव्यात. धारकतेचे, म्हणजे भांड्यात किती मावते याचे, उदाहरण घेऊ. तिसरीत मुलाने वेगवेगळ्या भांड्यांची धारकता अप्रमाणित एककांनी ताडून पाहावी, अशी अपेक्षा आहे. चौथीत द्रवाच्या मापाचा अंदाज करून तो प्रत्यक्ष मोजून पडताळावा, अशी आहे. पाचवीत लहान-मोठ्या एककांचा परस्परसंबंध लावून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करता यावे, अशी आहे. तांब्याने घागर भरून मोजणारा तिसरीचा मुलगा, घागरीत किती लीटर मावेल हे आधी सांगून मग लीटरच्या मापाने खात्री करणारी चौथीची मुलगी आणि तेच उत्तर मिलिलीटरमध्ये लिहिणारा पाचवीचा विद्यार्थी एकाच पाण्याच्या टाकीभोवती, एकाच तासाला, आपापल्या पातळीवर काम करू शकतात.

बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या, म्हणजे एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळणाऱ्या, शिक्षकाला या वाचनाचा सर्वांत मोठा लाभ होतो. तीन वर्गांसाठी तीन स्वतंत्र तासिका आखण्याऐवजी एक कृती आणि तीन अपेक्षा एवढीच आखणी पुरते. शिवाय पाचवीतील मुलाला रूपांतर जमत नसेल, तर त्याला नेमक्या कोणत्या पायरीवर परत न्यायचे हेही कळते. ज्याने लीटरचे माप कधी हातात धरलेले नाही, त्याच्याकडून एक हजाराने गुणण्याचा नियम पाठ करून घेण्यात फारसे हशील नाही.

सर्वच निष्पत्ती अशा सरळ चढत जात नाहीत. परिसर अभ्यासातील पुष्कळशा निष्पत्ती पुन्हा पुन्हा, थोड्या अधिक खोलीने येतात. तेथे पायऱ्या शोधण्याचा हट्ट धरू नये.

पाठाआधी पुरावा ठरवावा

निष्पत्ती निवडल्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे मुलाला आले, असे मी काय पाहून म्हणेन? उत्तर क्रियापदात यायला हवे. ‘संकल्पना समजते’ हे उत्तर उपयोगाचे नाही, कारण समजणे डोळ्यांना दिसत नाही. ‘दोन लीटर पन्नास मिलिलीटर हे माप केवळ मिलिलीटरमध्ये लिहितो आणि ते असे का, हे सांगतो’ हे उत्तर उपयोगाचे आहे.

हेच माप मुद्दाम निवडले आहे. ‘एक लीटर म्हणजे किती मिलिलीटर?’ या प्रश्नाला पाचवीचा वर्ग एका सुरात उत्तर देतो आणि शिक्षकाचे समाधान होते. पण त्या सुरात स्मरणापलीकडे काही तपासले जात नाही. दोन लीटर पन्नास मिलिलीटर म्हणजे किती, असे विचारले की उत्तरे फुटतात. कोणी २५० लिहितो, कोणी २,५००, कोणी २,०५०. ज्याने २५० लिहिले, त्याने दोन्ही अंक नुसते शेजारी ठेवले आहेत. त्याच्या मनात दोन लीटर ही राशीच उभी राहिलेली नाही, म्हणून त्याला मापाकडेच परत न्यावे लागेल. ज्याने २,५०० लिहिले, त्याला दोन लीटरचे दोन हजार होतात हे कळले आहे, मात्र पन्नासाला त्याने पाचशेच्या जागी बसवले. त्याची अडचण मापनाची नसून स्थानिक किमतीची आहे आणि घागरी कितीही मोजायला लावल्या तरी ती सुटणार नाही. त्याला शतकाच्या घरातील शून्याचे काम द्यावे लागेल. दोघांनाही वहीत चुकीची फुली मिळाली असती, तर हा फरक कायमचा झाकला गेला असता. निष्पत्तीवरून शिकवण्याचा खरा उपयोग मला येथे दिसतो : चूक कुठली आहे हे उघडे पाडणारा प्रश्न तिच्यामुळे विचारता येतो.

म्हणून टाचण लिहिताना निष्पत्तीखाली लगेच असा एक प्रश्न किंवा एक कृती लिहावी, आणि तिच्यासमोर अपेक्षित चुकीची दोन-तीन उत्तरेही लिहावीत. उद्दिष्टांचे लांबलचक परिच्छेद त्यामुळे वगळावे लागले तरी हरकत नाही.

स्थानिक उदाहरण आले म्हणजे निष्पत्ती साधली असे नाही

मराठवाड्यातील मुलांना पाण्याचे गणित शिकवावे लागत नाही, असे गमतीने म्हणता येईल. टँकर कधी येतो, त्यातून किती ड्रम भरतात, कोणाच्या वाट्याला किती घागरी येतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यामुळे पुढील प्रश्न अनेकांना आदर्श वाटेल : ‘गावात १२,००० लीटरचा टँकर आला. ८० कुटुंबांना पाणी सारखे वाटले. प्रत्येक कुटुंबाला किती लीटर पाणी मिळाले? १५ लीटरच्या किती घागरी भरल्या?’ उत्तर १५० लीटर आणि १० घागरी. प्रश्न चांगलाच आहे, मुले रंगून जातील; पण त्यात एककांचे रूपांतर कुठेही नाही. तो पाचवीच्याच दुसऱ्या निष्पत्तीचा, म्हणजे पैसे, लांबी, वस्तुमान, धारकता व कालावधी यांच्या उदाहरणांत चार मूलभूत क्रिया वापरण्याच्या निष्पत्तीचा, पुरावा देतो. रूपांतर तपासायचे असेल, तर प्रश्न बदलावा लागेल : शाळेतील २० लीटरच्या जारमधून २५० मिलिलीटरचे किती पेले भरतील, आणि ९० मुलांना प्रत्येकी एक पेला पुरेल का? येथे लीटर मिलिलीटरमध्ये आणल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ८० पेले भरतात आणि पाणी कमी पडते.

प्रश्न तयार झाला की त्यावर एक कसोटी लावावी. निष्पत्तीतील कौशल्य न वापरता मुलाला बरोबर उत्तर देता येते का? येत असेल, तर प्रश्न बदलावा. घटक चाचणीच्या संविधान तक्त्यातही (कशावर किती प्रश्न हे दाखवणाऱ्या आराखड्यातही) पाठाच्या नावाऐवजी निष्पत्तीचा रकाना आधी ठेवला, तर एकाच निष्पत्तीवर चार प्रश्न आणि दुसरीवर एकही नाही, ही नेहमीची विषमता लगेच नजरेस येते.

भाषेच्या निष्पत्तींबाबत

गणितात जे चालते ते भाषेत तसेच चालत नाही. पायाभूत वाचन-लेखन व अंकज्ञानासाठीच्या निपुण भारत अभियानाने, जे जुलै २०२१ मध्ये सुरू झाले, तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य ठेवले आहे. त्यातील साठ हा आकडा मोजायला सोपा असल्यामुळे तोच लक्षात राहतो आणि ‘अर्थासह’ मागे पडते. घड्याळ लावून वाचून घेतल्यावर लगेच दोन प्रश्न विचारावेत : एक मजकुरात थेट सापडणाऱ्या उत्तराचा, दुसरा मजकुरावरून ताडून सांगायचा. वेगाने वाचणारा आणि दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसणारा मुलगा लक्ष्यापर्यंत पोहोचलेला नाही, हे नोंदवताना संकोच करू नये.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा सर्वत्र एक नाही. तांड्यावरचे मूल गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत येते, शहरातील आणि कसब्यातील अनेक घरांत दखनी उर्दू चालते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा आणि उमरगा-उदगीरकडे कन्नडचा शेजार आहे. एनसीईआरटीच्या पहिली-दुसरीच्या हिंदी भाषेच्या निष्पत्तींत मुलांनी स्वतःची भाषा किंवा शाळेची भाषा वापरून बोलावे, असे स्पष्ट म्हटले आहे. मराठीच्या वर्गातही तोच न्याय लावता येतो. गोष्ट ऐकून मुलाने ती गोरमाटीत बिनचूक सांगितली, तर आकलन झाले आहे. उरले आहे ते मराठीतील अभिव्यक्तीचे काम. नोंदवहीत या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. त्या एकत्र केल्यास हुशार मूल ‘अप्रगत’ या शिक्क्याखाली जाते.

नोंदी किती आणि कशा ठेवाव्यात

राज्याच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक (शिकताना चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा टक्क्यांतील भारांश इयत्तेप्रमाणे ठरवून दिला : पहिली-दुसरीला ७० व ३०, तिसरी-चौथीला ६० व ४०, पाचवी-सहावीला ५० व ५०, सातवी-आठवीला ४० व ६०. पाचवी आणि आठवीसाठी पुढे वार्षिक परीक्षाही आली. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही आकारिक मूल्यमापनाची तंत्रे सर्वांना पाठ आहेत. अडचण तंत्रांची नाही. एकेका मुलाच्या नोंदी सत्राअखेरीस एका बैठकीत लिहिल्या जातात आणि मग ‘वर्गकार्यात सहभागी होतो’ यासारखी वाक्ये सर्वांच्या वाट्याला येतात.

नोंद निष्पत्तीशी जोडली तर ती आपोआप छोटी होते. प्रत्येक विषयासाठी एक तक्ता करावा. उभ्या रकान्यात मुलांची नावे, आडव्या ओळीत सत्रातील निवडक निष्पत्ती. चौकटीत तीनपैकी एक खूण असावी : स्वतंत्रपणे जमते, मदतीने जमते, अजून जमत नाही. तिसऱ्या खुणेसोबत मात्र चार शब्द लिहिलेच पाहिजेत, उदाहरणार्थ ‘शून्याची जागा चुकते’. रोज संपूर्ण वर्ग तपासण्याचा आग्रह नको. प्रत्येक तासिकेला चार-पाच मुलांकडे निवांत पाहिले तरी पंधरवड्यात वर्ग पूर्ण होतो. सर्व निष्पत्तींना सारखा वेळ देण्याचेही कारण नाही. ज्यांच्यावर पुढच्या इयत्तेचे काम उभे आहे, अशा थोड्या निष्पत्ती निवडून त्यांच्या नोंदी काटेकोर ठेवाव्यात आणि उरलेल्यांबाबत ढोबळ नोंद पुरे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांसाठी नियोजन

बीड आणि लगतच्या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. हंगामी वसतिगृहांत काही मुले गावी राहतात, पण काही कोपीवर, म्हणजे कारखान्याजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांत, जातातच. या मुलांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकाचा अनुक्रम निरुपयोगी ठरतो, कारण पुस्तकाच्या उत्तरार्धातील सगळेच त्यांच्या हातून सुटते. दोन कामे येथे करता येतात. जूनमध्येच पाहावे की पहिल्या सत्रात कोणत्या निष्पत्ती साधल्या नाहीत तर पुढचे वर्ष अडेल, आणि त्यांचे घटक पुस्तकात मागे असले तरी आधी घ्यावेत. दुसरे, मूल निघण्यापूर्वी एक पानाची चिठ्ठी पालकांजवळ द्यावी : कोणत्या निष्पत्ती जमतात, कुठे अडते, कोणता सराव चालू आहे. कारखान्याच्या बाजूच्या शाळेतील शिक्षकाला टक्केवारी किंवा श्रेणी पाहून काही सुरू करता येत नाही. ‘तीन अंकी वजाबाकी येते, हातच्याची येत नाही’ एवढे वाचले तर त्याच दिवशी सुरू करता येते. मूल परत आल्यावर हेच पान समोर ठेवून तपासणी करावी, सबंध पायाभूत चाचणी पुन्हा घेण्याची गरज नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत काय न्यावे

डिसेंबर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण क्षमतांवर आधारलेले होते. असे निकाल जिल्ह्याच्या पातळीवर येतात आणि त्यांवर केंद्रातील शिक्षकांच्या परिषदेत चर्चाही होते. परंतु जिल्ह्याचा आकडा वर्गातील शिक्षकाला उद्या काय करायचे ते सांगत नाही. त्यापेक्षा केंद्रातील सर्व शाळांनी महिन्यासाठी एक निष्पत्ती ठरवावी, तिच्यावर एकच प्रश्न सर्वत्र द्यावा आणि मुलांच्या उत्तरपत्रिका, नावे झाकून, परिषदेला आणाव्यात. २५०, २,५०० आणि २,०५० अशा उत्तरांचे तीन गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्यासाठी पुढील आठवड्याची कृती तिथेच ठरवावी. ज्या शाळेच्या गठ्ठ्यात बरोबर उत्तरे अधिक आहेत, त्या शिक्षकाने आपण तो भाग कसा घेतला, हे फळ्यावर करून दाखवावे. त्यासाठी अहवालवाचनाची वेळ कमी करावी लागली तर ती करावी.