स्टोअरकीपरची वही आणि एमबीएचा वर्ग

माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा प्राध्यापक व्हायचे असेल, तर विषयाच्या नावात तंत्रज्ञान असले तरी पद व्यवस्थापनाचे असते, हे अर्ज भरण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, म्हणजे नेटमध्ये, व्यवस्थापनाचा विषय क्रमांक १७ आहे आणि संगणकशास्त्राचा ८७. एमसीए करून ८७ मधून नेट झालेल्या माझ्या मित्राला एमबीए विभागाच्या मुलाखतीत ‘विषय जुळत नाही’ एवढेच ऐकायला मिळाले. पुढे त्याने मुकाट्याने एमबीए केले. महाराष्ट्रात शिकवायचे असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती राज्यपातळीवरची सेट परीक्षाही चालते.

एमबीएनंतर मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दोन वर्षे ईआरपीचे, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, काम पाहिले. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या नियमांत पदव्युत्तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अनुभव मागितलेला असल्याने ती नोकरी कागदोपत्री उपयोगी पडलीच, पण माझा खरा अभ्यास झाला तो तिथल्या स्टोअरमध्ये. संगणकावर बेअरिंगचा साठा उणे बारा दिसत होता आणि रॅकवर मात्र खोकी रचलेली होती. स्टोअरकीपर काकांनी टेबलाच्या खणातून लाल पुठ्ठ्याची वही काढली. माल दुपारी गेटवर उतरे, त्याची आवक-नोंद बिल तपासून झाल्यावर दुसऱ्या दिवशी होई, आणि रात्रपाळीला मशीन थांबू नये म्हणून काका तोच माल वहीत लिहून देऊन टाकत. सॉफ्टवेअर बरोबर होते आणि काकाही बरोबर होते. चुकला होता तो कामाचा क्रम, आणि तो बदलण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता.

माझ्या पीएचडीचा विषय त्या वहीतूनच निघाला. नव्या मंडळींनी प्रश्नावली वाटून ‘तंत्रज्ञानाचा स्वीकार’ मोजण्याच्या मागे लगेच लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारे, १९८९ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी मांडलेले त्यामागचे प्रारूप उत्तम असले, तरी त्यावर इतके प्रबंध झाले आहेत की गाइडही शीर्षक वाचून सुस्कारा टाकतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात, तेव्हा प्रश्न असा निवडावा की ज्यासाठी सातपूरच्या कारखान्यांत किंवा लासलगावच्या बाजार समितीत पुन्हा पुन्हा जावेसे वाटेल.

पैशांचेही सांगतो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. मी मात्र पहिली तीन वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काढली, जिथे मे महिन्यात तास नसत आणि म्हणून पैसेही नसत. त्या काळात दुकानदारांना टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि जीएसटीच्या नोंदी शिकवून मी घर चालवले.

आता दर वर्षी पहिल्या तासाला मी काकांच्या परवानगीने त्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स वर्गात वाटतो. ईआरपीची व्याख्या तिसऱ्या तासाला येते.