फ्रेंच राज्यक्रांतीवर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

'१४ जुलै १७८९ रोजी बॅस्टिल पडलं, राजेशाही संपली आणि लोकांना हक्क मिळाले.' राज्यक्रांतीवरच्या बहुतेक उत्तरांत हे वाक्य या ना त्या रूपात असतंच. तारीख बरोबर, बाकी सगळी गल्लत.

पॅरिसमधल्या बॅस्टिल या तुरुंग-किल्ल्यात त्या दिवशी सातच कैदी होते. जमाव तिथे गेला तो मुख्यतः दारूगोळ्यासाठी. राजा सोळावा लुई त्यानंतरही तीन वर्षं गादीवर होता. १७९१ च्या संविधानानं तर त्याला कायदे रोखून धरण्याचा अधिकारही दिला, कारण सुरुवातीच्या बहुतेक पुढाऱ्यांना राजा हवाच होता, फक्त कायद्याच्या चौकटीत. जून १७९१ मध्ये तो कुटुंबासह गुपचूप पळाला, व्हारेन गावी पकडला गेला आणि लोकांचा विश्वास उडाला. राजेशाही रद्द झाली २१ सप्टेंबर १७९२ ला. राजाला गिलोटिनवर, म्हणजे डोकं उडवणाऱ्या यंत्रावर, चढवलं ते २१ जानेवारी १७९३ ला.

जाहीरनामा आणि मताधिकार एकच समजू नका

मार्क जातात ते इथे, आणि क्रांती समजायची राहते तीही इथेच. २६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी व नागरी हक्कांच्या जाहीरनाम्यात १७ कलमं आहेत. पहिलं कलम सांगतं की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांनी समान असतात. हाच जाहीरनामा १७९१ च्या संविधानाच्या सुरुवातीला जोडला गेला. पण त्याच संविधानात नागरिकांचे दोन गट आहेत, सक्रिय आणि निष्क्रिय. मत कुणाला? पंचवीस वर्षांवरच्या पुरुषाला, तेही तो किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरत असेल तर. पॅरिसमधला एखादा घरगडी घ्या. जाहीरनाम्यानुसार तो मालकाच्या बरोबरीचा, पण मतदानाला गेला तर परत पाठवला जाणार, कारण दुसऱ्याच्या घरी चाकरी करणाऱ्याला मतच नव्हतं. ज्यांना होतं, तेही थेट प्रतिनिधी निवडत नसत. ते निर्वाचक निवडत, निर्वाचक मग प्रतिनिधी निवडत, आणि निर्वाचक होण्यासाठी मालमत्तेची अट आणखी कडक होती.

म्हणून 'क्रांतीनं सर्वांना मताधिकार दिला' असं लिहू नका. मालमत्तेची अट १७९२ च्या निवडणुकीत हटली, तरी स्त्रिया बाहेरच राहिल्या. ऑक्टोबर १७८९ मध्ये भाकरीसाठी व्हर्सायवर चालून जाऊन राजाला पॅरिसला आणणाऱ्या या स्त्रिया! लेखिका ओलांप द गूजनं १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. तिला त्यासाठी फाशी दिली असं सर्रास लिहिलं जातं, तेही चूक. तिचं डोकं उडवलं गिलोटिननं, नोव्हेंबर १७९३ मध्ये, आणि कारण ठरलं तिचं भित्तिपत्रक. देशाची राज्यव्यवस्था लोकांनीच मत देऊन ठरवावी, अशी मागणी तिनं त्यात केली होती. फ्रान्समध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ मध्ये.

'४ ऑगस्ट १७८९ ला सरंजामशाही संपली' हेही अर्धवट

त्या रात्री सरदारांनी विशेषाधिकार सोडले खरे. पण जमिनीशी जोडलेली देणी शेतकऱ्यानं पैसे मोजून सोडवायची होती. रोख देणं असेल तर वर्षाच्या रकमेच्या वीसपट, धान्याचं असेल तर पंचवीसपट. कुठल्या कुळाकडे एवढा पैसा होता? भरपाईची ही अट पूर्णपणे गेली जुलै १७९३ मध्ये, गावोगावच्या उठावांनंतर.

गुलामगिरीबद्दलही जपून लिहा. ती ४ फेब्रुवारी १७९४ ला रद्द झाली ती पॅरिसच्या उदारपणामुळे नव्हे. आजच्या हैतीत, म्हणजे सेंट डोमिंगो वसाहतीत, १७९१ पासून गुलामांनी पुकारलेल्या बंडानं ती रद्द करायला लावली. नेपोलियननं १८०२ मध्ये ती पुन्हा आणली. फ्रेंच वसाहतींतून ती कायमची गेली १८४८ मध्ये.

आपल्याकडची एक खास चूक: डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतली असं ठोकून देणं. १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी हे स्पष्ट शब्दांत नाकारलं आणि ही तत्त्वं आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचं सांगितलं. तुलना जरूर करा, उसनवारी म्हणू नका.