बागेतल्या तळ्याचं लायनर बदलताय? या चुका टाळा

तळ्यातलं पाणी उतरलं की पहिला संशय लायनरवर, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून खड्ड्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या किंवा रबराच्या कागदावर जातो, आणि पुष्कळदा तो निर्दोष निघतो. गोव्यात एप्रिल-मेच्या उन्हात नुसत्या बाष्पीभवनानेच दिवसाला ५-६ मिलिमीटर पाणी उडतं. कारंजं चालू असेल तर आणखी जास्त. म्हणजे आठवड्याला चार सेंटीमीटर उतरणं ही गळती नव्हेच. खात्री करायची तर पंप बंद करा. तळ्याच्याच पाण्याने बादली भरून तळ्यातल्या पायरीवर ठेवा, बादलीत आणि तळ्यात पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर उन्हाचा प्रताप. तळ्यातलं जास्त उतरलं तर गळती आहे. पंप चालू असतानाच पाणी जात असेल तर दोष धबधब्याच्या पाइपात किंवा त्याच्या कडेला शोधा. एका बाजूची माती दबून लायनरची कड खाली बसली की पाणी वरूनच निसटतं. तिथे काठावरचे दोन चिरे (जांभ्याचे दगड) उचलून खाली माती भरली की काम झालं, नवा कागद आणायची गरज नाही.

गळती खरीच असेल तर पाणी आपणहून उतरू द्या. ते जिथे थांबेल त्याच रेषेवर भोक असतं. तिथे सिरिंजने थोडं दूध सोडलं की पांढरी रेघ भोकाकडे ओढली जाताना दिसते.

इथे लोक हमखास पाइप जोडायचं सोल्युशन नाहीतर सिलिकॉन फासतात. शेततळ्याचा काळा कागद एचडीपीई या प्लास्टिकचा असतो आणि त्याला हे दोन्ही धरत नाहीत. तो गरम हवेच्या यंत्रानेच सांधावा लागतो. ईपीडीएम रबराला त्याचं स्वतःचं प्रायमर आणि टेप लागते. सोल्युशन चालतं ते फक्त पीव्हीसीला, आणि तेही लवचिक पीव्हीसीसाठी बनवलेलं. उन्हात उघडी पडलेली कड दुमडताना तडकत असेल तर मात्र ठिगळात पैसे घालवू नका, लायनर बदला.

माप घेताना मधली खोली नव्हे, सगळ्यात जास्त खोली धरा. लांबीत खोलीच्या दुप्पट मिळवा, वर कडांसाठी ६० सेंमी, रुंदीलाही तसंच. ३ बाय २ मीटरचं, ६० सेंमी खोल तळं असेल तर कागद ४.८ बाय ३.८ मीटरचा हवा.

जुना लायनर ओढून काढून लगेच गुंडाळू नका. भोक जिथे आहे तिथे खडूने खूण करा आणि त्याच्या बरोबर खालची जमीन हाताने चाचपा. बारीक टोचल्यासारखं भोक असेल तर खाली जांभ्याचं टोक सापडतं. कडा कुरतडलेल्या असतील तर घूस किंवा उंदीर. घडीवरून सरळ चीर गेली असेल तर कागदच म्हातारा झालाय. शेत किंवा कुळागर (पोफळीची बाग) जवळ असेल तर कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं शोधा, बांबूचं बेट जवळ असेल तर मुळं. हे न बघता नवा कागद अंथरला तर तोही त्याच जागी फुटणार, आणि नव्याण्णव टक्के लोक हे बघतच नाहीत, असं माझं मत झालंय.

खोदलेल्या जांभ्याच्या बाजू करवतीसारख्या असतात. उभ्या बाजूंवर वाळू टिकत नाही. स्वस्तात म्हणून लायनरखाली गोणपाट घालतात, ते कुजतं आणि वाळवीला आमंत्रण देतं. २०० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं) जिओटेक्सटाइल, म्हणजे न कुजणारं जाड कृत्रिम कापड घाला, इथे काटकसर नको.

आता आपल्याकडची खरी अडचण. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा सच्छिद्र, त्यामुळे जमिनीतलं पाणी भराभर वर येतं. भरलेल्या तळ्याचं वजन लायनरला दाबून ठेवतं. पण गळती दिसली म्हणून जुलैत तळं उपसलंत की खालचं पाणी लायनरला पोटातून वर उचलतं, कडेचे चिरे सरकतात आणि एका भोकाचं काम पाच भोकांवर जातं. पावसाळ्यात तळं रिकामं करू नका, गळत असलं तरी वरून भरत राहा. शिमगा ते मे मध्यापर्यंतचा काळ या कामाला उत्तम. आवारातल्या विहिरीचं पाणी ऑगस्टमध्ये किती वर येतं ते आधी बघून ठेवा. ते अगदी काठाशी येत असेल तर खोल खड्ड्याचा हट्ट सोडा आणि चिऱ्यांनी जमिनीवर उंच बांधलेलं तळं करा. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताच्या) कडेला किंवा डोंगराच्या पायथ्याशी घर असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. उतारावरच्या आवारात मात्र तळ्याखाली खडीचा चर काढून पाइप खालच्या अंगाला सोडला तरी भागतं. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ८-१० सेंमी उंच ठेवा, नाहीतर पहिल्याच सरीला बागेतली माती तळ्यात.

कागद अंथरण्याआधी थोडा वेळ उन्हात पसरला की मऊ होतो, पण हिरवळीवर नको, गवत होरपळतं. पाणी हळूहळू भरत घड्या नीट करा. कडा मात्र भरल्यावर दुसऱ्या दिवशी कापा. आधी कापलेली कड पाण्याच्या वजनाने आत ओढली जाते आणि मग दहा सेंमी कमी पडलेल्या कागदाकडे बघत बसावं लागतं.

मासे सावलीत टबात, जुन्याच पाण्यात ठेवा आणि वर जाळी घाला, नाहीतर खंड्याची मेजवानी. नळाचं पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं असो की अस्नोड्याच्या, त्यात क्लोरीन असतंच. एक-दोन दिवस उघड्यावर ठेवा किंवा क्लोरीन मारणारे थेंब घाला, मगच मासे सोडा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, जुन्या पाण्यातच हलकासा पिळा, त्यातले जिवाणू नव्या तळ्याला लागतात.

जुना लायनर परसात घडी घालून ठेवू नका. घड्यांत पावसाचं पाणी साचून डासांची पैदास होते. धुऊन त्याचे तुकडे करा आणि कमळाच्या कुंड्यांखाली घाला, म्हणजे कुंडीचा बूड नव्या कागदाला घासणार नाही.