घरात कुणी अपलोड सुरू केलं की गेमचा पिंग उडतो: माझा उपाय

व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये मुंबई सर्व्हरवर पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) छान असायचा, पण घरातल्या कुणाच्या मोबाइलचा फोटो बॅकअप सुरू झाला की तो थेट ३०० मिलिसेकंदांच्या वर. ऐन राउंडमध्ये असं झालं की डोकं फिरायचं.

ग्राफिक्स ड्रायव्हर, डीएनएस बदलणं, लॅन केबल: काहीच उपयोग नाही. मग विंडोजमध्ये 'पिंग -टी ८.८.८.८' (सतत पिंग मोजणारी कमांड) चालू ठेवून मुद्दाम मोठी फाइल अपलोड केली. आकडे लगेच चढले, थांबवल्यावर उतरले. म्हणजे दोष पीसीचा नव्हता. अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबत होती. याला बफरब्लोट म्हणतात.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) आहे, त्यामुळे हे जमलं:

आधी फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंग (डेटा झटपट पुढे ढकलणारा शॉर्टकट) बंद; ते चालू असेल तर एसक्यूएम, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय, निष्प्रभ ठरतं. मग 'लुसी-ॲप-एसक्यूएम' पॅकेज टाकून नेटवर्क मेनूतलं एसक्यूएम उघडलं. इंटरफेस वॅनचा (इंटरनेटकडचा) निवडला; पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डची जोडणी) असेल तर 'पीपीपीओई-वॅन'. मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के मर्यादा डाउनलोड आणि अपलोड दोन्हीकडे घातली, म्हणजे १०० एमबीपीएसला ९०००० केबिट. क्यू डिसिप्लिनमध्ये (रांग हाताळायची पद्धत) 'केक', स्क्रिप्ट 'पीस ऑफ केक'. शेवटी सेव्ह अँड अप्लाय.

आता तीच फाइल अपलोड होताना पिंग जेमतेम पाच-सात मिलिसेकंदांनी वाढतो. जुन्या राउटरचा प्रोसेसर कमजोर असेल तर एकूण वेग घटेल, तेवढं तपासा.