थायरॉईड आणि वजन: आधी गोळीची वेळ सांभाळा

थायरॉईड कमी पडल्यानं वाढलेलं वजन सहसा २ ते ४ किलोच, त्यातही मीठ-पाणीच जास्त. बाकीचं ताटातलं. पण आधी थायरॉईडची गोळी नीट लागू पडू द्या. उठल्याउठल्या साध्या पाण्यासोबत घ्या; चहा ३० ते ६० मिनिटांनी. सकाळची लोकल गाठायच्या घाईत गोळी आणि कटिंग एकत्र पोटात गेले, की औषध पुरतं शोषलंच जात नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांनंतर. डोस बदलला की टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) ६ ते ८ आठवड्यांनी तपासा, त्याआधीचा आकडा फसवा. वजन उतरावं म्हणून डोस मनानं वाढवू नका: छाती धडधडते, हाडं झिजतात. डब्यात भात निम्मा, मटकीची उसळ दुप्पट. शिजवलेला कोबी खुशाल खा, थायरॉईडला वाईट म्हणून उगाच बदनाम झालाय.